करवतीला भिंत लागते

पहिल्या दिवशी वाजवायचं नाही.
करवत कापडात गुंडाळलेली, गज तिच्या कुशीत,
आणि नुसतं चालायचं
पत्ता हरवलेल्या माणसासारखं.

कारंज्यापाशी नको, पाणी आपल्याआधीपासून वाजतंय
आणि त्याला कुणी पैसेही मागायला शिकवलेलं नाही.
बँकेच्या यंत्रापाशी तर नकोच.
नोटा मोजणारा माणूस जगाकडे पाठ करून उभा असतो.
चर्चच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या सरकून जागा देतात,
पण दर पाव तासाला घंटा मध्येच बोलते.

उतरणारी माणसं थांबत नाहीत, हे रियेकात कळलं.
पायच ऐकत नाहीत त्यांचं, कान कुठून ऐकणार?
चढणारी थांबतात.
जिन्याच्या वरच्या टोकाला धाप लागलेल्या माणसाला
दम खाताना कुणी बघू नये असं वाटतं,
म्हणून तो संगीत ऐकतो.
झादरला मी आठवडाभर समुद्राकडे तोंड करून वाजवलं.
समुद्राने सगळं ठेवून घेतलं.

मग त्रिएस्ते.
इथे बोरा नावाचा वारा आहे, तो टोपी नेतो
आणि चिल्लर तेवढी फरशीवर सोडून जातो, प्रामाणिकपणे.
टोपीत दगड ठेवला तर लोक वाकून विचारतात,
हा कुणी दिला?

तीन दिवस टाळ्या वाजवत हिंडलो, भिंती तपासत.
मासळीबाजारामागे एक कमान सापडली,
तिथे टाळी परत आली
जराशी उशिरा, जराशी गोल होऊन.
समोर एजिदिओचं न्हाव्याचं दुकान,
बाहेर वाट बघणाऱ्यांसाठी एक खुर्ची,
जिना चढून आलेल्यांची धाप. सगळंच होतं.
गुडघ्यांत करवत धरली, वाकवली,
तिने पहिलाच सूर असा लावला
की एजिदिओचा वस्तरा कुणाच्या तरी गालावर थबकला.

एकवीस युरो, एक बटण,
आणि दुसऱ्या मजल्यावर आपटलेली खिडकी.

ती खाली आली ती सपाता घालून, कोटाखाली झोपेचा सदरा.
नाव निवेस. इस्पितळात रात्रपाळी, हृदयाचा विभाग.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी दुसरीकडे गेलो असतो,
सवय आहे.
ती म्हणाली, छान वाजवतोस, म्हणून तर झोप येत नाही.
वाईट वाजवणाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं.
मग औषधाच्या खोक्याच्या पाठीवर तिने लिहून दिलं,
मंगळवारी तीननंतर. बुधवारी नाही.
गुरुवारी सुट्टी, हवं तितकं.

दीड महिना मी त्या खोक्यावर जगलो.
सकाळी घाटावर, जिथे वारा अर्धे सूर पळवतो,
तीनला कमानीत.
सव्वातीनला खिडकी उघडायची, कॉफीचा वास खाली यायचा.
पैसे तिने कधीच टाकले नाहीत.
एकदा लोकरीची टोपी टाकली, वरूनच,
ती वाऱ्याने शेजाऱ्याच्या गॅलरीत नेली.

नोव्हेंबरात म्हणाली, सोमवारपासून दिवसपाळी.
वाजव आता वाटेल तेव्हा.

सोमवारी दहाला पोचलो.
खिडकी सताड उघडी, आत कुणी नाही,
पडदा बाहेर येऊन फडफडत होता.
जिन्यावरून माणसं येत होती, धापा टाकत,
थांबायला निमित्त शोधत.
करवत गुडघ्यांत धरली. गज टेकवला.
दुकानातल्या घड्याळात पाहिलं,
तिनाला पाच तास होते.

एजिदिओ दारात आला, हातात फेसाचा ब्रश.
वाजव की, म्हणाला, आज कोण झोपलंय?

मी म्हटलं, आवाज बसलाय.

त्याने करवतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि आत जाऊन दुसरी खुर्ची आणली.